झाडेताईंनी मांडलेली लॅब

कुसुम झाडे यांना अन्यायानं कामावरून काढलं. कधी, तेही सांगते, कारण 'मागे कधीतरी' म्हटलं की अन्याय पातळ होतो. २००८ च्या एप्रिलमधला चौथा मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. हिंगणघाटजवळच्या एका खाजगी पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात शिपायानं त्यांच्यापुढे पाकीट धरलं. ताईंच्या हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी पाकीट दातात धरलं, बाटलीचं झाकण लावलं, बाटली पिशवीत ठेवली आणि मग पाकीट फोडलं. मी चार पावलांवर उभी होते. पत्रात लिहिलं होतं, 'निष्काळजीपणामुळे लॅबमधील चाळीस संगणकांवरील विद्यार्थ्यांचे काम नष्ट केल्याबद्दल.' हे 'नष्ट केलेलं' काम त्यांनी त्याच दिवशी दुपारी परत आणून ठेवलं होतं. नष्ट त्यांनी केलंच नव्हतं, ते वेगळंच.

मी पत्रकं लिहिणारी आहे. एका कागदाच्या दोन बाजू, वर मथळा, खाली मागण्या. पण पत्रकात मागणी मावते, माणूस मावत नाही. म्हणून हे जरा लांब.

झाडेताई आमच्या लॅब असिस्टंट. कायम नव्हत्या, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, साडीवर निळा ऍप्रन, गळ्यात काळ्या दोरीला लटकलेला चष्मा. लॅबच्या दाराशी चपला काढायच्या तर टोकं बाहेर करून, म्हणजे निघताना वळावं लागू नये. ज्याची चप्पल आडवी, त्याला आतून हाक यायची, "काऊन बे, घरी मायनं असंच शिकवलं का?" तो पोट्टा उठून चप्पल सरळ करून यायचा. भांडायचं धाडस कोणाचं नव्हतं, माझंसुद्धा.

त्यांची-माझी ओळख भांडणातूनच झाली. फीवाढीविरुद्धचं पत्रक मी लॅबच्या मशीनवर टाईप करत होते, प्रॅक्टिकलच्या तासाला. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मजकुरावरून बोलणी खावी लागणार. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. त्यांचं बोट स्क्रीनवर फायलींच्या नावांवरून फिरलं. 'पत्रक', 'पत्रक नवीन', 'पत्रक नवीन २', 'पत्रक फायनल', 'पत्रक फायनल खरं'.

"हे का होय वं?"

"पत्रक आहे, ताई. मागण्यांचं."

"मागण्या राहू दे. ह्यातलं खरं कोणतं?"

मी 'फायनल खरं'वर बोट ठेवलं. त्यांनी ते उघडलं. ते जुनं निघालं.

"तुह्या घरी पाच लेकरं असते तं त्यांचे नावं 'पोट्टा', 'पोट्टा नवीन', 'पोट्टा फायनल' असे ठेवले असते का?" सगळी लॅब हसली. "अन् प्रिन्सिपलले जाब विचारून राह्यली. पयले सोताच्या फायलीले जाब विचार."

त्या दिवशी त्यांनी मला एक फोल्डर करायला लावला. त्यात विषयवार कप्पे, नावात विषय आणि तारीख. जुनं खोडायचं नाही, 'जुने' म्हणून बाजूला ठेवायचं. पत्रक छापू मात्र दिलं नाही. "प्रिंटर कॉलेजचा आहे, मागण्या तुह्या आहेत. बाहेर छाप." तेव्हापासून मी त्यांची 'पत्रकवाली'.

त्यांना काहीही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं होतं, "कुठून?" ताई, प्रिंटर कुठं जोडलाय? कुठून? ताई, माझी फाईल कुठं गेली? कुठून पाहून राह्यला तू? एकदा हिंगणघाटच्या स्टँडवर आम्ही दोघी बसची वाट बघत होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "बाई, गिरडची गाडी कुठी लागते?" आजूबाजूच्या तिघांनी एकाच वेळी सांगितलं: तिकडं, पाण्याच्या टाकीपाशी, कंट्रोलरच्या खिडकीच्या मागं. बाबा गोल फिरून पुन्हा तिथंच. ताई उठल्या, बाबांच्या शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही इथी उभे. तुमच्या डाव्या हाताले तीन खांब सोडा. चौथ्यापाशी उभे राहजा." बाबा गेले आणि बरोबर चौथ्या खांबाशी थांबले. ताई परत येऊन बसल्या. "त्या तिघांनी आपापल्या घरून रस्ता सांगतला. म्हाताऱ्याच्या पायापासून कोनं सांगतलाच नाई."

हे त्या कुठं शिकल्या, ते डबा खाताना एकदा कळलं. नव्वदच्या दशकात त्या हिंगणघाटच्या एका कापड गिरणीच्या स्टोअरमध्ये होत्या. हजारो सुटे भाग, प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर तो भाग कुठं ठेवलाय त्याचा पत्ता. जुने स्टोअरकीपर पत्ता लिहायचे गेटपासून: गेटमधून आत, उजवीकडचं दुसरं शेड, तिथलं तिसरं रॅक. ताई लिहायच्या स्टोअरच्या टेबलापासून: रॅक तीन, खण पाच, डबा दोन. एका वर्षी शेडचं छप्पर गळायला लागलं म्हणून सगळं स्टोअर जसंच्या तसं पलीकडच्या शेडमध्ये हलवलं. रॅकही तेच, क्रमही तोच. दुसऱ्या दिवशी एका मशीनचं बेअरिंग गेलं. बेअरिंगचं कार्ड जुन्या स्टोअरकीपरच्या हातचं. माणूस कार्ड घेऊन उजवीकडच्या दुसऱ्या शेडमध्ये गेला. तिथं कापसाच्या गाठी.

"मग सापडलं का?" मी विचारलं.

"सापडलं ना. दसऱ्याले हरवलं, दिवाळीले सापडलं." भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या. "माह्या कार्डांतलं एकही हरवलं नाई. काऊन? माहा पत्ता स्टोअरच्या पोटातला होता. स्टोअर हललं तं पत्ता बी संग हलला."

गिरणीनं माणसं कमी केली तशा त्या कॉम्प्युटर शिकल्या, आमच्या कॉलेजात लागल्या. मासिकासोबत फुकट येणाऱ्या सीडींतून त्यांना एक अवजार सापडलं. त्याला कॉन्फिगरेशन ऑटोमेशन म्हणतात. आम्हाला वर्गात ते कोणी शिकवलं नाही. कल्पना साधी. चाळीस मशिनींपाशी जाऊन हातानं काही बसवायचं नाही. मशीन कशी असावी हे एकदा नीट लिहून ठेवायचं आणि मुख्य मशीनवरून एक आदेश द्यायचा. चाळीसही मशिनी लिहिल्याबरहुकूम लागतात.

अवघड गोष्ट आदेश देणं नव्हती, लिहिलेलं मांडून ठेवणं होती. पन्नास फायली इकडंतिकडं पडल्या की आपलाच आदेश आपल्याला कळत नाही. ताईंनी एक मुख्य फोल्डर केला, नाव 'लॅब'. त्याच्या पोटात चार: 'मशिनी', 'कामं', 'नमुने', 'सामान'. 'मशिनी'त यादी, कोणती मशीन कोणत्या रांगेत. 'कामं'मध्ये प्रत्येक कामाचा वेगळा कप्पा; छपाईचं छपाईत, प्रोग्रॅमिंगचं प्रोग्रॅमिंगमध्ये. 'नमुने'त गाळलेल्या जागा ठेवलेल्या फायली, त्यात ज्या-त्या मशीनचं नाव आपोआप भरलं जाई. ('नमुने' पाहायला मागितले की त्या आमच्या मागच्या बाकाकडे बोट दाखवत.) 'सामान'मध्ये जशाच्या तशा पाठवायच्या फायली. आणि एक नियम: आतल्या कुठल्याही फाईलमध्ये रस्ता लिहायचा तो 'लॅब' या फोल्डरपासून. अमक्याच्या मशीनवरचं अमक्याचं घर, तिथून आत, असा लांबलचक पूर्ण पाथ लिहायचा नाही. "फोल्डर उचलून चंद्रावर ठेवला तरी चालला पायजे," त्या म्हणायच्या. प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत त्या एक वाक्य लिहायच्या, ही फाईल का आहे. कोणी लिहिली, ते कुठंच नाही.

एका पावसाळ्यात वीज पडली आणि खिडकीकडच्या सहा मशिनी गेल्या. दुरुस्त होऊन आल्या त्या कोऱ्या. दुसऱ्या कॉलेजात याला आठवडा लागतो. ताईंनी एक ओळ टाईप केली, डब्यातून कच्चा चिवडा काढला, वर कांदा चिरला. चिवडा संपायच्या आत सहाही मशिनी पहिल्यासारख्या. नेमके तेव्हा प्रिन्सिपलसाहेब दारातून डोकावले.

"काय ताई, काही काम नाही वाटतं?"

"झालं सर."

"कधी?"

"मार्चमधी."

मार्चमध्ये लिहून ठेवलेलं काम जुलैत आपोआप होत होतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. साहेबांनी ऐकलं ते वेगळं. ऑफिसात बोललं गेलं, लॅबवाली बाई बसून चिवडा खाते. ज्यानं रोज चाळीस मशिनींमागं धावायचं तो कष्टाळू, आणि धावावं लागू नये अशी व्यवस्था जिनं केली ती कामचुकार. ही आमच्या संस्थेची अक्कल. मी यावर पत्रक काढणार होते. ताई म्हणाल्या, "नको. धावणारे दिसतात वं. बसलेल्याचं काम दिसत नाई. राहू दे."

राहू द्यायला नको होतं.

२००८ च्या जानेवारीत सिस्टीम इन्चार्ज म्हणून एक सर आले. संस्थेतल्या एका वजनदार माणसाचे नातलग. त्यांचं नाव लिहीत नाही; मला माणूस पाडायचा नाही, नोंद खोडायची आहे. आल्या-आल्या त्यांनी ताईंचा पासवर्ड मागितला, इन्चार्ज या नात्यानं. ताईंनी दिला आणि तसं लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. सरांनी 'लॅब' फोल्डरची एक प्रत मुख्य मशीनवरच्या स्वतःच्या घरात, म्हणजे स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये नेली आणि फायलींमधले रस्ते बदलायला लागले. जिथं-तिथं पूर्ण पाथ, त्यांच्या नावापासून सुरू होणारा. ताईंनी ते पाहिलं तेव्हा आम्ही काही जण लॅबमध्येच होतो.

"सर, सोताच्या घरचा रस्ता नका लिहू यात."

"ताई, पूर्ण पाथ लिहिला की गडबड होतच नाही. कुठून कुठं, सगळं स्पष्ट."

"स्पष्ट आहे, पण तुमच्यापुरतं. उद्या तुमचं घर हललं तं?"

"माझं घर कशाला हलतंय?" सर हसले. आम्हीही हसलो. सर हसले की हसायची सवय असते.

घर हलल्याचं कळलं ते एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी. त्याआधीच्या शनिवारी सरांनी आपला फोल्डर आवरला. जुना दुसरीकडे हलवला आणि त्याच नावाचा नवा, रिकामा करून ठेवला, सावकाश भरू म्हणून. सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षेआधी सगळ्या मशिनींवर विद्यार्थ्यांचा फोल्डर सारखा करायचा, हे एक 'काम' ताईंनीच लिहिलेलं. त्याचा अर्थ असा, मूळ जागी जे आहे तेवढंच सगळीकडे ठेव, बाकीचं काढून टाक. ताईंच्या मांडणीत मूळ जागा 'लॅब'च्या पोटात होती, भरलेली. सरांच्या मांडणीत मूळ जागा त्यांच्या घरचा तो नवा रिकामा फोल्डर.

ताई सोमवारी मंजूर रजेवर होत्या. आईला घेऊन गिरडला गेल्या होत्या, टेकडीवर, दर्ग्याला. लॅबमध्ये आम्ही एकोणतीस जण होतो. सर मुख्य मशीनवर बसले, ताईंच्या नावानं आत शिरले, कारण आदेश द्यायची परवानगी त्या नावालाच होती, आणि एन्टर दाबलं.

"अबे, माहा प्रोजेक्ट कुठी गेला?" मागून कोणीतरी म्हणालं. मग दुसरा. मग सगळे. सहा-सहा महिन्यांचं काम. चाळीस मशिनींनी इमानदारीनं स्वतःला रिकामं करून घेतलं होतं.

मंगळवारी ताई पहिल्या बसनं आल्या. गेटवरच कळलं. परीक्षा बुधवारवर ढकलली होती. त्यांनी कोणी केलं, हे विचारलं नाही. मुख्य मशीनपाशी बसल्या, ती फाईल उघडली, रस्त्याची ओळ मोठ्यानं वाचली आणि चष्मा काढून ऍप्रनला पुसला. "सांगतलं होतं म्या," एवढंच म्हणाल्या. कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सीडी, प्रत्येकीवर शाईनं लिहिलेलं. शेवटची गेल्या शुक्रवारची. दुपारी अडीचपर्यंत शुक्रवारपर्यंतचं सगळं काम जागेवर आलं. एकेका पोरीला, पोराला बोलावून त्या विचारत होत्या, "पाह्य बरं, तुह्यंच आहे ना? उघडून पाह्य. नाव पाहून खुश नको होऊ."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला वर्ष लागलं.

त्याच दुपारी, भिंतीपलीकडच्या स्टाफरूममध्ये आमच्या जर्नलांचं वाटप चाललं होतं. शिक्का मारलेलं जर्नल हातात नसेल तर प्रात्यक्षिकाला बसता येत नाही, हे पॉलिटेक्निकच्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. टेबलावर जर्नलांचा गठ्ठा, शेजारी एक कागद. 'सोमवारी सकाळी मुख्य संगणकावर इन्चार्ज सर बसलेले आम्ही पाहिले नाहीत.' खाली सह्यांच्या ओळी. सही करा, जर्नल घ्या. कोणी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. उलट विभागप्रमुख म्हणाले, "लवकर आटपा बेटा, उद्या पेपर आहे."

एकोणतीस जणांनी सही केली. माझी सतरावी. फीवाढीवर, बसच्या पासावर, मेसच्या डाळीवर पत्रकं काढणारी मी, तिथं पेन मागून घेतला आणि सही केली. तेव्हा भिंतीपलीकडून ताईंचा आवाज येत होता, कोणाला तरी विचारत होत्या, तुह्यंच आहे ना?

पुढचं सरळ आहे. मशीनमधल्या नोंदीत आदेश देणारीचं नाव कुसुम झाडे. रजेचा अर्ज ऑफिसात सापडेना. पासवर्डची नोंद असलेलं रजिस्टर 'तपासणीसाठी' नेलं ते आलंच नाही. उरले साक्षीदार, आणि साक्षीदारांनी लिहून दिलेलं होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी पाकीट आलं. ताईंनी पत्र दोनदा वाचलं, ऍप्रन काढून त्याची घडी केली, टेबलावर ठेवली. बुधवारी त्यांनी परत आणलेल्या कामावर आम्ही परीक्षा दिली. सगळे पास. खालच्या वर्गातली पोरं सांगतात, लॅब आजही त्याच फोल्डरवर चालते; सरांच्या घरचे रस्ते काढून टाकलेत.

गेल्या महिन्यात मी ताईंना शोधत देवळीला गेले. तिथं एका व्यापारी कुटुंबाच्या पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात त्या आहेत. बाजाराचा दिवस, हरभऱ्याच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. त्या काउंटरमागं उभ्या राहून एका शेतकऱ्याला वॉशर देत होत्या.

"ये वं, पत्रकवाली. उन्हाची आली. पाणी घे."

मी सहीचं सांगितलं. वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी वॉशरची पुडी बांधली, माणसाला दिली, मग म्हणाल्या, "मले माहीत होतं. जर्नल तं पायजे ना पोट्ट्यांले. म्या बी म्हटलं असतं, करा सही."

"ताई, तुम्ही दुसरीकडं अर्ज का नाही केला?"

"केला ना. वर्ध्याच्या एका कॉलेजात. इंटरव्ह्यू बराबर झाला. मंग त्यांनी इकडं फोन लावला." त्यांनी वॉशरचा डबा बंद केला. "रेकॉर्डवर नोंद आहे म्हणे. चाळीस मशिनी पुसल्या म्हणून. जागा अजून भरली नाई त्यांनी. जूनपर्यंत थांबतो म्हणे, नोंद निघत असन तं काढून आणा. कशी काढू? म्या तं तिथी नव्हतीच."

मी म्हटलं, मी लिहिते. त्या म्हणाल्या, "लिहायचं तं लिहिजो. पण पोट्ट्यांले शिव्या देऊ नको. भेले होते ते."

मी निघाले. वळून पाहिलं तर त्या स्टुलावर चढल्या होत्या आणि वरच्या खणातला एक डबा दोन्ही हातांनी काढत होत्या. गिऱ्हाईक खालून काहीतरी विचारत होतं. त्यांनी डबा छातीशी धरला आणि एका पायानं खालची पायरी चाचपली.

म्हणून शिव्या देत नाही. मागणी करते. हे तुमच्या हातात पडलं असेल आणि त्या सोमवारी तुम्ही लॅबमध्ये असाल, तर मी तुमच्याशीच बोलते आहे. तुमचं जर्नल तुम्हाला मिळालं. डिप्लोमा झाला. आता कोणी तुमचं काही अडवू शकत नाही. एक साधा कागद घ्या. त्यावर लिहा: मी तिथं होतो, मुख्य मशीनवर इन्चार्ज सर बसलेले मी पाहिले, कुसुम झाडे त्या दिवशी कॉलेजात नव्हत्या, आधीची सही मी मागे घेतो. खाली पूर्ण नाव आणि रोल नंबर. एक प्रत प्रिन्सिपलना, एक ताईंना. माझा कागद गेला आहे. अठ्ठावीस बाकी आहेत. जून यायच्या आत पाठवा.